नापास बियाण्याविषयी लिहितांना घ्यावयाची खबरदारी

विकत घेतलेले बियाणे उगवले नाही, तर ती हकीकत इतर शेतकऱ्यांस कळविणे आम्ही कर्तव्य समजतो. परंतु अशी हकीकत छापून येतांच कंपनीच्या वकिलाची अब्रुनुकसानीची नोटीस येते, आणि पुष्कळजण भिऊन माफी लिहून देतात. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. मात्र तिला मुदतीत लेखी उत्तर द्यावे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ अन्वये बदनामीस दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड अथवा समाजसेवा ही शिक्षा आहे. तथापि लोकहितार्थ सांगितलेले सत्य व दुसऱ्याच्या हितासाठी सद्भावाने दिलेला इशारा यांस त्याच कलमात अपवाद केला आहे. योग्य काळजी न घेता केलेली गोष्ट मात्र कायदा सद्भावाची मानीत नाही.

म्हणून ‘कंपनीने लुबाडले’ असे न लिहितां, ‘अमुक लॉटचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेविले, त्यांपैकी चाळीस उगवले’ असे लिहावे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण निदान ७० टक्के असावी लागते. वाचक काय ते समजेल. पावती, पिशवी, तिजवरील चिठ्ठी व मूठभर बी जपून ठेवावे आणि कृषि अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पंचनामा करवावा. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ठरविले असल्याने ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

एकाने भिऊन मौन धरिले, तर पुढील हंगामी तेच बी शेजाऱ्याच्या शेतात पडते, हे आमच्या वाचकांनी विसरू नये.