चेंडू यष्टीतून आरपार का जातो?

‘लेव्हल एडिटर’ हे संगणकीय खेळाचे मैदान रचण्याचे साधन होय. त्यात तुम्ही चेन्नईचे चेपॉक मैदान उभारले, अशी कल्पना करा. ताशी १४४ किलोमीटर वेगाचा चेंडू यष्टीला न हलविता आरपार जातो. असे का व्हावे?

संगणक सलग गती पाहत नाही. समजा, तो सेकंदाला ६० वेळा चेंडूचे स्थान तपासतो. दोन तपासण्यांदरम्यान चेंडू सुमारे ६७ सेंटिमीटर पुढे सरकतो. यष्टीची जाडी मात्र चार सेंटिमीटरांहूनही कमी! त्यामुळे बहुधा टक्कर नोंदलीच जात नाही.

म्हणून यष्टी बदलण्यापूर्वी वेग कमी करून पाहावा. चेंडू अडला, तर यष्टी निर्दोष ठरते. मग दोन स्थानांमधील संपूर्ण मार्ग तपासण्याची सोय सुरू करावी.

पाठगत प्रश्न : सेकंदाला १२० तपासण्या केल्यास हा दोष पूर्णपणे दूर होईल का? सकारण लिहा.