पंख्याचा आवाज गेला, पाठोपाठ इंजिनही

माझी गाडी चौदा फुटी, साधारण शंभर हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाची. नाशिकहून भाजीपाला भरून मुंबईला उतरायचं आणि भिवंडीच्या गोदामांतून मिळेल तो परतीचा माल घेऊन कसारा घाट चढायचा, हा माझा वर्षानुवर्षांचा धंदा. ही गाडी सेकंडहॅण्ड घेतली तेव्हापासून तिची एकच गोष्ट मला खटकायची. घाटात अर्ध्यावर आलं की बॉनेटखालून विमानासारखी घूंऽऽ घरघर सुरू व्हायची. केबिनमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे.

ओळखीच्या वायरमनने सांगितलं, "शेठ, फॅन क्लच गेलाय. नवा महाग पडेल. त्यापेक्षा कारचा इलेक्ट्रिक पंखा बसवू. आवाज बंद, इंजिनावरचा भार कमी, डिझेलही वाचेल." भंगार बाजारातून चांगला सोळा इंची पंखा मिळाला. वॉटर पंपावरचा जुना पंखा क्लचसकट उतरवला, त्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडंही अडचण होते म्हणून काढून टाकलं. नवा पंखा रेडिएटरच्या जाळीतून आरपार पट्ट्या ओवून बांधला. दुपारी बाराला सुरू झालेलं काम चारला संपलं.

रिकामी गाडी सिन्नरपर्यंत नेऊन आणली. काटा जागचा हलला नाही, केबिन एकदम शांत. मी वायरमनला चहा-भजी खिलवली. खरं तर तिथेच फसलो. रिकामी गाडी, सपाट रस्ता आणि साठचा वेग असेल तर समोरून येणाऱ्या वाऱ्यावरच रेडिएटर गार राहतो. त्या दिवशी पंखा काढून घरी ठेवला असता तरी गाडी पास झाली असती.

परीक्षा झाली मे महिन्यात. भिवंडीहून चार टन फरश्या भरल्या आणि भर दुपारी घाटाला लागलो. पुढे कंटेनर रांगत होता, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये जेमतेम पंधराचा वेग. काटा मधून वर सरकू लागला. पंखा तर पूर्ण जोरात फिरतोय, हे कानांनी कळत होतं. "पुढच्या वळणावर जागा मिळेल" म्हणत मी गाडी रेटत राहिलो. जागा मिळाली तेव्हा काटा लाल पट्ट्यात होता. घाबरून चावी फिरवली आणि इंजिन जागीच बंद केलं. ही दुसरी चूक. इंजिन थांबलं की वॉटर पंपही थांबतो. पंखा रेडिएटरमधलं पाणी गार करत राहिला आणि तापलेल्या हेडमधलं पाणी तिथेच उकळत बसलं.

बरोबरचा पोरगा फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावला, त्याला मी दंडाला धरून मागे ओढलं. तेवढं एक त्या दिवशी बरोबर केलं. एक बारच्या झाकणाखाली पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, त्याच क्षणी त्याची वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते.

हेड गॅस्केट उडालं होतं. डिपस्टिकवर ऑइल चहासारखं दुधाळ. माल दुसऱ्या गाडीत चढवला, गाडी टोचन करून नाशिकला आणली. हेड फेसिंग, गॅस्केट, ऑइल, कुलंट आणि अकरा दिवस गाडी उभी. या खर्चात नवे फॅन क्लच तीन तरी आले असते.

इंजिन खोलणारे म्हातारे चाचा मिस्त्री कमी बोलणारे. त्यांनी पाटीवर खडूने हिशोब मांडला. पंखा घेतो 28 अँपिअर, चालू गाडीत व्होल्टेज साडेतेरा. म्हणजे सुमारे 380 वॅट. साडेसातशे वॅटचा एक हॉर्सपॉवर धरला तर झाला अर्धा. इंजिनावर फिरणारा मोठा पंखा क्लच पूर्ण लागल्यावर कित्येक हॉर्सपॉवर ओढतो आणि त्याच मापात हवाही ओढतो. "पाच बैलांच्या जागी तू एक शेळी जुंपलीस," चाचा म्हणाले. "आणि तो आवाज म्हणजे बिघाड नव्हता. क्लच लागल्याची ती खूण होती."

व्हिस्कस क्लचमध्ये सिलिकॉनचं घट्ट तेल असतं आणि तोंडाशी दोन धातूंची जोडपट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वाकते, तेल आत सुटतं, पंखा इंजिनाशी जखडला जातो आणि घोंगावू लागतो. हवा गार झाली की सुटतो. म्हणजे सपाटीवर तो आधीच डिझेल वाचवत होता. उलट इलेक्ट्रिक पंख्याची वीज काही फुकट येत नाही. ती अल्टरनेटर इंजिनाकडूनच घेतो आणि वाटेत बरीच उष्णतेत घालवतो. रात्री हेडलाइट लावून गाडी रांगत असली की अल्टरनेटर कमी देतो, व्होल्टेज पडतं आणि नेमका गरजेच्या वेळी पंखा मंदावतो.

म्हणून सांगतो, क्लच गेला असं कुणी म्हटलं तर आधी स्वतः तपासा. इंजिन थंड आणि बंद असताना पंखा हाताने फिरवा. किंचित अडून फिरला तर ठीक. ढकलल्यावर भिंगरीसारखा फिरतच राहिला तर तेल गळलंय. बहुधा बोंडाभोवती तेलकट धूळही दिसेल. अजिबात हलेना किंवा थंड गाडीतही सतत घोंगावला तर जाम झालाय. फक्त तापल्यावर घोंगावत असेल तर त्याला हात लावू नका. मग इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बघा. माझ्या गाडीत तिथे धूळ, किडे आणि गवताचा गालिचा निघाला. इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाचं पाणी मारून तो काढावा. जोराच्या फवाऱ्याने पात्या मुडपतात.

तरीही कुणाची हलकी पिकअप असेल, शहरातलं सपाटीचं काम असेल आणि इलेक्ट्रिक पंखा बसवायचाच असेल, तर माझ्या चुका टाळा. पंख्याला पूर्ण रेडिएटर झाकणारं कडं हवंच. नाहीतर तो आपल्या गोलापुरतीच हवा ओढतो आणि चारही कोपरे तापलेले राहतात. तो चौकटीला बोल्टने कसा. जाळीतून ओवलेल्या पट्ट्या घासून घासून नळीला भोक पाडतात. बॅटरीपासून सहा चौरस मिलिमीटरची वायर थेट आणा, बॅटरीला लागूनच फ्यूज, मध्ये रिले, आणि अर्थिंग रंग खरवडलेल्या धातूवर. हेडलाइटच्या वायरीवरून वीज उचलू नका. पंखा थर्मोस्विचवर चालू द्या. डॅशबोर्डवरचं बटण माणूस विसरतो. वायरी उलट जोडल्या की पंखा उलटा फिरतो, म्हणून रेडिएटरच्या पुढून कागद धरून बघा, तो जाळीला चिकटला पाहिजे. आणि चाचणी भरलेल्या गाडीने, दुपारी, चढावर घ्या.

घाटात काटा चढू लागला तर लाल पट्ट्याची वाट पाहू नका. एसी बंद करा, गिअर उतरवा, पहिल्याच रुंद जागी थांबा. वॉटर पंपाचा पट्टा शाबूत असेल आणि पाणी बाहेर फेकलं जात नसेल, तर इंजिन काही मिनिटं रिकामं चालू ठेवा, मग बंद करा. झाकणाला अर्धा तास हात नको, आणि तापल्या हेडवर थंड पाणी तर कधीच नको. हेडला तडा जातो.

माझ्या गाडीवर आता नवा क्लच आणि जुनंच कडं आहे. कसाऱ्यात पंखा पुन्हा घूंऽऽ करतो. तुमचाही करत असेल तर वायरमनला फोन लावू नका. काच वर करा आणि गाडी चालवत राहा.