घाशीरामची कीव आली, तर गौरीकडे बघ

कामरगाव, ता. कारंजा (लाड), जि. वाशिम

चि. मृण्मयीस,


‘विकेड’ सिनेमा पाहून लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. हिरव्या कातडीच्या त्या पोरीला आधी हिणवलं आणि मग चेटकीण ठरवलं, हे बघून तुला रडू आलं. आता कॉलेजच्या एकांकिकेसाठी तुला एका निर्दय सावकाराचं लहानपण लिहायचंय, गाण्यांसकट. जरूर लिही. पण आधी विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक वाच.

‘विकेड’ न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर २००३ साली आलं. दुष्ट माणूस कसा घडतो हे तेंडुलकरांनी ‘घाशीराम’मध्ये १९७२ मध्येच गाऊन-नाचून दाखवलं होतं. त्या वर्षी १६ डिसेंबरला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. वाद इतका पेटला की १९ प्रयोगांनंतर नाटक करणाऱ्या संस्थेनंच ते थांबवलं. मग कलावंतांनी थिएटर अकादमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. मी पुण्यात शिकायला असताना ते पाहिलं आणि तेव्हापासून त्यानं मला सोडलेलं नाही.

घाशीराम म्हणजे कनोजहून पुण्यात पोट भरायला आलेला ब्राह्मण. चोरीचा आळ येतो, मार बसतो, पुण्याबाहेर हाकलला जातो. इथपर्यंत तुझे डोळे भरतील, भरू देत. पण बदला घ्यायला तो काय गहाण टाकतो, ते बघ. स्वतःची मुलगी, गौरी. ती नानांना देतो आणि कोतवाली मिळवतो. पुढे एका ब्राह्मणाच्या तळहातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवून चोरी कबूल करून घेतो. आळ काय असतो हे ज्यानं अंगावर झेललं, तोच आता आळ घेतो! गौरीच्या तोंडी बोलणं फार थोडं, आणि तिचं मरण तर रंगमंचावर दिसतही नाही. माझं सांगणं एवढंच आहे बेटा, दुष्टाची कीव आली की त्यानं सगळ्यात आधी कुणाला विकलं ते शोध.

आपण मराठी माणसं ‘मृत्युंजय’ कादंबरी वाचून कर्णासाठी रडतो, पण भर सभेत द्रौपदीला तो काय बोलला, ते पान भराभर उलटतो.

दुसरं, घडवणारे हात झाकू नकोस. या नाटकात पडदा माणसांचा आहे. ब्राह्मणांची रांग डोलते, भजन म्हणते, आणि गरज पडली की पाठ फिरवते. त्या पाठींमागे काय चाललंय, ते प्रेक्षकानं ओळखायचं. आपल्या बाजारात पाकीट मारल्याच्या संशयावरून एखाद्या पोराला धरतात, तेव्हा मारणारे दोघे-तिघेच असतात, बाकीचे कडं करून उभे असतात. तुझ्या सावकाराभोवतीही असं कडं हवं. कोऱ्या कागदावर अंगठा घेताना साक्षीदार म्हणून सही करणारा, व्याजाचा आकडा ऐकून मान खाली घालणारा. त्यांनाच कोरस कर. शेवटी घाशीराम दगडांखाली मरतो आणि नाना उत्सव जाहीर करतात. ज्यानं परवाना दिला त्याचं काहीच बिघडत नाही. नाटक पाहून मला सगळ्यात जास्त चीड आली ती याची.

इतिहासाशी मात्र प्रामाणिक राहा. घाशीराम खरोखर पुण्याचा कोतवाल होता, १७९१ मध्ये लोकांनी त्याला ठेचून मारलं. मोरोबा कान्होबांनी १८६३ सालीच त्याच्यावर पुस्तक लिहिलं. पण आपलं नाटक ऐतिहासिक नाही, असं तेंडुलकरांनी स्वतः सांगितलं होतं. तूही गावातल्या कुठल्या खऱ्या घराण्याचं नाव घेऊ नकोस. त्यांची नातवंडं तुझ्याच वर्गात असतील.

आणि सावकाराला गोड चाल देऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. दे. चंदावरकरांनी भजनाच्या ठेक्यावर क्रूरपणा चालवला, म्हणून तर तो अंगावर येतो. प्रेक्षकाचा पाय ताल धरेल, आणि आपण कशावर ठेका धरलाय हे कळताच तो थांबेल. ते थांबणं तुला साधायचंय. त्यासाठी ज्या बाईचं शेत त्यानं लिहून घेतलं, तिला एक पूर्ण गाणं दे, मधे कुणी न तोडता.

पहिला खर्डा झाला की पाठव. सावकाराचं लहानपण सवडीनं वाचीन, त्या बाईचं गाणं आधी पाठव.

तुझा,
मामा