संगणकाच्या गाभ्यातील दोषशोधन : सिद्धता केव्हा करावी?

संगणकाची यंत्रसामग्री आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये एक व्यवस्थापक कार्यक्रम सदैव जागा असतो. त्याच्या केंद्रभागास कर्नेल, म्हणजे गाभा, असे म्हणतात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेला लिनक्स हा असाच एक गाभा होय. अँड्रॉइड पद्धतीच्या भ्रमणध्वनीतही तोच असल्याने तो आता खेडोपाडी पोहोचला आहे.

गाभ्यात बिघाड झाल्यास त्याचा माग काढणारी साधने गाभ्यातच असावी लागतात. परंतु ती अहोरात्र चालू ठेवल्यास संगणकाची स्मृती आणि वेळ दोन्ही खर्ची पडतात. आणि बहुसंख्य यंत्रांवर तर त्यांची कधी गरजच भासत नाही. म्हणून साधन हाताशी ठेवावे, पण त्याची पूर्ण सिद्धता प्रथम वापराच्या वेळी करावी, असे धोरण स्वीकारण्यात आले. यास विलंबित सिद्धता म्हणता येईल. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार नव्हे. विहीर आधीच खणलेली असते; पंप मात्र पाणी हवे तेव्हाच सुरू होतो.

नोंदवहीचे उदाहरण

स्टीव्हन रोस्टेड्ट यांनी सिद्ध केलेले ‘एफट्रेस’ हे साधन २००८ साली लिनक्समध्ये समाविष्ट झाले. गाभ्यातील कोणते कार्य केव्हा चालले, याची नोंद ते ठेवते. या नोंदवहीसाठी आरंभी प्रत्येक प्रक्रियकामागे सामान्यतः केवळ ७ किलोबाइट जागा घेतली जाते. माग काढण्याची पहिली आज्ञा मिळताच ती १४०८ किलोबाइटपर्यंत वाढविली जाते. वही भरली की जुन्यात जुनी नोंद पुसून तेथे नवी लिहिली जाते.

तसेच, बहुतेक कार्यांच्या प्रारंभी माग काढण्यासाठी एका आज्ञेची जागा राखलेली असते. एरवी तेथे काहीही न करणारी निष्क्रिय आज्ञा असते. माग सुरू करताच तिच्या जागी नोंद करणारी आज्ञा बसविली जाते.

२००८ सालचा धडा

विलंब सर्वत्र हितकर ठरत नाही, हे याच साधनाच्या इतिहासावरून दिसते. पहिल्या रचनेत एखादे कार्य प्रथम चालले म्हणजे त्याची जागा टिपली जाई; नंतर ठरावीक अवकाशाने जागा होणारा एक मदतनीस कार्यक्रम तेथील आज्ञा निष्क्रिय करी. मधल्या काळात त्या कार्याने व्यापलेली स्मृती मोकळी होऊन तोच पत्ता दुसऱ्या उपयोगास दिला जाण्याचा संभव होता. घडले तसेच. असा एक पत्ता जाळ्याला जोडणाऱ्या कार्डाच्या स्थायी स्मृतीस मिळाला. बदल करण्यापूर्वी जुना मजकूर पडताळण्याची दक्षता घेतलेली होती. परंतु त्यासाठी वापरलेली आज्ञा मजकूर जुळला नाही तरी लेखनाची क्रिया करीतच असे. परिणामी काही कार्डे निकामी झाली आणि दोष प्रथमतः कार्डाच्या चालक-कार्यक्रमावर आला. खरे कारण उमगल्यावर रचना पालटण्यात आली. सर्व जागांची यादी गाभा संकलित होतानाच तयार होऊ लागली आणि त्या निष्क्रिय करण्याचे काम यंत्र सुरू होताना, इतर प्रक्रियक जागे होण्यापूर्वीच, उरकले जाऊ लागले. नोंदवहीचा विस्तार मात्र विलंबितच राहिला.

कोणती सिद्धता आधी हवी?

गाभा पूर्णतः कोसळल्यास त्या क्षणीच्या स्मृतीची प्रत घेणारी ‘केडंप’ ही व्यवस्था लिनक्समध्ये २००५ पासून आहे. तिच्यासाठी लागणारी स्मृती यंत्र सुरू होतानाच राखून ठेवावी लागते. कारण कोसळलेल्या गाभ्याकडून नवी जागा मागण्यात अर्थ नसतो. यंत्र सुरू होतानाच घडणाऱ्या बिघाडाचा माग घ्यावयाचा असल्यासही एफट्रेसला तशी सूचना प्रारंभीच द्यावी लागते. याउलट, सुस्थितीत चालणाऱ्या यंत्राचे निरीक्षण करावयाचे असेल, तर नोंदवही मागाहून वाढविणे इष्ट होय. तथापि स्मृतीची टंचाई असताना हा विस्तार नाकारला जाऊ शकतो, हे संगणकाची देखभाल करणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एक लहान गणित करवून घ्यावे. आठ प्रक्रियकांच्या यंत्रावर नोंदवही आरंभी ५६ किलोबाइट, तर विस्तारानंतर ११,२६४ किलोबाइट जागा व्यापते. या दोहोंतील अंतर म्हणजेच विलंबाने वाचलेली स्मृती.