भाव विचारा तो झालेल्या व्यवहाराचा

छत्तीसगडला भारतीय क्रिकेट मंडळाचं पूर्ण सदस्यत्व मिळालं 2016 मध्ये. त्याच वर्षी मोहम्मद कैफच्या नेतृत्वाखाली राज्याचा संघ रणजीत उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्रिपुराला हरवून आला. तेव्हापासून मी इकडच्या खेळाडूंची कार्डं, सह्या जमवतो. विराट-रोहित कुणीही जमवेल. मला हरप्रीतसिंग भाटिया, अजय मंडल यांचं काही हाती लागलं की जास्त आनंद होतो.

या छंदात पैसा कसा अडकतो ते 2024 मध्ये जवळून पाहिलं. भिलाईत जन्मलेल्या शशांक सिंगला पंजाब किंग्सने आयपीएलच्या लिलावात 20 लाखांच्या मूळ किमतीत घेतलं होतं. 4 एप्रिलला अहमदाबादेत त्याने गुजरातविरुद्ध 29 चेंडूंत नाबाद 61 केल्या, आणि लगेच त्याची ‘दुर्मिळ’ कार्डं विक्रीला येऊ लागली. अदलाबदलीत एक माझ्याकडे आलं. उलटून पाहिलं तर कंपनीचं नाव नाही, वर्ष नाही, क्रमांक नाही. कुणीतरी फोटो जाड कागदावर छापून घेतला होता. ‘चारच प्रती आहेत’ हे विक्रेत्याचं बोलणं झालं. खऱ्या मर्यादित कार्डावर 12/99 (म्हणजे 99 पैकी बारावी प्रत) असा आकडा बहुधा छापलेलाच असतो.

नवख्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात, तिथले आकडे बघा. कमी प्रसिद्ध खेळाडूच्या कार्डाला गिऱ्हाईकं मोजकीच असतात. एका खेळीनंतर विकणारा भाव वाढवतो, घेणारे मात्र तितकेच राहतात. पुढच्या हंगामासाठी पंजाबने शशांकला साडेपाच कोटींना राखलं, ते त्याच्या बॅटचं मोल. कार्डाचा हिशेब वेगळा. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या अखेरीस बेसबॉलची कार्डं इतकी छापली गेली, की त्या काळची न उघडलेली खोकीसुद्धा आज स्वस्तात मिळतात. जुनं झालं म्हणून महाग होत नाही.

पीएसएसारख्या संस्था कार्डाला 1 ते 10 दर्जा देतात. अनोळखी खेळाडूच्या साध्या कार्डासाठी त्या फंदात पडू नका. शुल्क आणि टपालखर्च कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

जपणूक मात्र हातात आहे. रायपूरचा मे आणि त्यामागून येणारा पावसाळा कार्डाला फार वाईट. माझी काही कार्डं स्वस्त पीव्हीसीच्या अल्बममध्ये चिकटली, सोडवताना शाई निघाली. चमकदार कार्डं दमट हवेत वाकली. पॉलिप्रोपिलीनची पाकिटं घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

रायपूर, दुर्ग, भिलाईत कुणाकडे 2016 च्या त्या रणजी संघातल्या खेळाडूची सही असेल, तर ती कुठे, कधी आणि कुणासमोर घेतली हे आजच वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.