रेड संचातून सुटलेल्या हार्ड डिस्कचे निदान

रेड संच मोडून त्यातील हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली असता ती ‘बिघडली’ असे जे दिसते, त्यातील बराचसा भाग प्रत्यक्षात बिघाड नसून त्या डिस्कवर मागे राहिलेली जुन्या संचाची नोंद असते. आणि ही गोष्ट ध्यानात न घेता घाईने फॉरमॅट केल्यामुळेच, जी माहिती परत मिळण्यासारखी असते, ती कायमची हातची जाते. अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून त्यांना एकाच मोठ्या डिस्कसारखे वापरण्याच्या या ‘रेड’ पद्धतीची मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले केंद्रातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात केली. त्यात कल्पिलेली ही यंत्रणा मोठ्या संगणक केंद्रांसाठी होती. आज मात्र कळंबसारख्या मांजरा नदीकाठच्या तालुक्याच्या गावीही लग्नाचे चित्रण साठवणारा फोटो स्टुडिओ किंवा खातेदारांच्या नोंदी ठेवणारी पतसंस्था अशा कोणालाही तिची गरज पडू शकते, आणि संच जुना होऊन मोडायची वेळ आली, की प्रश्न तेथेच सोडवावा लागतो.

संच कोणत्या प्रकारचा होता, हे कळल्याखेरीज निदानाला हात घालू नये. रेड शून्यमध्ये प्रत्येक फाइलचे लहान लहान तुकडे करून ते आळीपाळीने सगळ्या डिस्कवर लिहिले जातात, त्यामुळे एकट्या डिस्कवर मोठी फाइल पूर्ण सापडतच नाही; रेड एकमध्ये तीच माहिती दोन डिस्कवर जशीच्या तशी असते, म्हणून त्यातील एक डिस्क स्वतंत्रपणे वाचता येण्याची शक्यता बरीच असते; रेड पाचमध्ये माहितीबरोबर पडताळ्याची नोंदही वाटून लिहिलेली असते, ज्यामुळे कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिची माहिती गणिताने पुन्हा तयार करता येते, दोन गेल्यास मात्र येत नाही. या भेदाचा एक परिणाम विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन दोन टेराबाइटच्या डिस्कचा रेड शून्य संच असेल, तर पहिल्या डिस्कवरील विभागणीच्या तक्त्यात चार टेराबाइटची नोंद राहते, आणि ती डिस्क एकटी जोडल्यावर संगणकाला तक्ता व क्षमता यांचा मेळ लागत नाही, म्हणून तो चूक दाखवतो, वास्तविक डिस्क धडधाकट असते.

संचाची ओळख, म्हणजे कोणती डिस्क कोणत्या क्रमांकाची आणि तुकड्याचा आकार किती, ही माहिती प्रत्येक डिस्कवर एका लहानशा जागेत लिहिलेली असते. तिला मेटाडेटा म्हणतात. लिनक्समधील एमडीएडीएम या प्रणालीच्या मेटाडेटाच्या 1.2 आवृत्तीत ती आरंभापासून चार किलोबाइट अंतरावर असते, तर 0.90 आणि 1.0 मध्ये ती डिस्कच्या शेवटी असते. इंटेलच्या मदरबोर्डवरील रेडचीही नोंद शेवटीच असते. शेवटी असलेली ही नोंद साध्या फॉरमॅटने पुसली जात नाही, कारण फॉरमॅट फक्त विभागणीच्या आतील जागेवर काम करतो, आणि म्हणून विंडोज नव्याने टाकूनही काही मदरबोर्ड त्या डिस्कला ‘रेड सदस्य’ म्हणून ओळखतात. याउलट, आरंभी नोंद असलेली रेड एकची डिस्क विंडोजमध्ये ‘रॉ’ दिसते, फॉरमॅट करायचे का असा प्रश्न समोर येतो, आणि येथेच सर्वांत मोठे नुकसान होते. त्या प्रश्नाला नाही म्हणावे. डिस्क लिनक्सच्या थेट चालणाऱ्या प्रतीखाली केवळ वाचण्यासाठी उघडावी, आणि माहिती मोलाची असेल तर आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. हे साधन आधी चांगले भाग वाचते, खराब भागांची नोंद ठेवते आणि त्यांच्याकडे नंतर वळते, त्यामुळे मरणासन्न डिस्कवर अनावश्यक ताण येत नाही. सर्व डिस्क पुन्हा जोडून संच उभा करण्याचा प्रयत्नही या प्रतींवरच करावा.

यानंतरच खऱ्या बिघाडाकडे यावे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यातील क्रमांक 5 म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, 197 म्हणजे वाचता न आलेल्या व अद्याप निकाल न लागलेल्या जागा, आणि 199 म्हणजे डिस्क व संगणक यांच्यातील देवाणघेवाणीत आलेल्या चुका. शेवटचा आकडा बहुधा केबल किंवा जोडणीचा दोष सांगतो, पण तो कमी होत नाही, म्हणून केबल बदलून तो पुढे वाढतो का हे पाहावे. केवळ मोठा आकडा पाहून डिस्क टाकून देऊ नये. 197 वाढत राहिला, तर मात्र त्या डिस्कवर विश्वास ठेवू नये. संचातून ‘बाहेर टाकलेली’ डिस्क सदोषच असते असेही नाही: रेडसाठी बनवलेल्या डिस्क एखादी जागा वाचता न आल्यास साधारण सात सेकंदांत माघार घेतात, घरगुती डिस्क मात्र पुष्कळ वेळ प्रयत्न करत राहतात, आणि संच चालवणारा कंट्रोलर तेवढी वाट न पाहता त्यांना निकामी ठरवतो.

डिस्क पुन्हा वापरायची असेल, तर माहिती सुरक्षित झाल्यावर एमडीएडीएम किंवा वाइपएफएस यांनी जुनी नोंद पुसावी आणि मग पूर्ण डिस्कवर लिहून वाचण्याची चाचणी घ्यावी. चार टेराबाइटच्या डिस्कवर नुसते लिहिण्यासच, वेग सेकंदाला दीडशे मेगाबाइट धरला तरी, सात-साडेसात तास लागतात, म्हणून मराठवाड्यात जेथे वीज अचानक जाण्याची शक्यता असते आणि उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांपुढे जाते, तेथे ही चाचणी इन्व्हर्टरवर, हवा खेळती ठेवून आणि शक्यतो रात्री करावी. सर्व्हरमधून निघालेल्या काही डिस्कचा सेक्टर 512 ऐवजी 520 बाइटचा असतो; अशा डिस्क साध्या संगणकात चालत नाहीत, त्यांना खालच्या पातळीवर फॉरमॅट करावे लागते, आणि स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या डिस्क घेताना हे आधी विचारून घ्यावे.

संच मोडण्यापूर्वी प्रत्येक डिस्कवर तिचा पोर्ट क्रमांक लिहून ठेवल्यास यातील निम्मे कष्ट वाचतात. आणि रेड एकची सुटी डिस्क भंगारात किंवा विक्रीस देण्यापूर्वी ती शेवटच्या सेक्टरपर्यंत पुसावी, कारण खातेदारांची व ग्राहकांची सगळी माहिती तिच्यावर, अगदी एकटीवरही, पूर्ण शिल्लक असते.