दुसरा सर्व्हो घेण्याआधी

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस ना, "ताई, स्टिअरिंगला सरळ दोन सर्व्हो लावते, कटकटच संपेल", तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. पैसे टाकण्याआधी माझं जरा ऐकून घे.

तुझी रिमोटवरची गाडी एचपीआयची बाहा फाइव्ह-बी. एक-पंचमांश मापाची, पेट्रोलवरची, दहा किलोच्या आसपास वजनाची. पण इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना. अशा गाडीला एक दणकट, धातूच्या गिअरचा सर्व्हो पुरतो, हे मी अगदी ठामपणे सांगते. लोसीच्या डेझर्ट बग्गी एक्सएलसारखी चारही चाकं ओढणारी गाडी असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे पुढच्या चाकांना इंजिनाची ओढही सोसायची असते, त्यामुळे दोन सर्व्होंचा विचार मी समजू शकते.

आता तुझी ती कटकट, म्हणजे वळताना जोर कमी का पडतो, ते आधी शोध. इंजिन बंद ठेव, गाडी जमिनीवर उभी कर, रिसीव्हर चालू कर आणि स्टिअरिंग पूर्ण फिरव. नुसत्या चाकांकडे बघू नकोस, सर्व्हो सेव्हरकडे, म्हणजे धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगच्या भागाकडे, बघ. सर्व्होचा हॉर्न, म्हणजे त्याच्यावरचा छोटा हात, पूर्ण फिरला आणि चाकं अर्ध्यावरच अडकली, तर सर्व्हो बिचारा आपलं काम करतोय, सेव्हरची स्प्रिंग दबतेय. दुसरा सर्व्हो आणलास तरी तोही तीच स्प्रिंग दाबत बसेल. स्प्रिंग थोडी कस, पण पार आवळून टाकू नकोस, नाहीतर चाक दगडावर आपटलं की धक्का थेट सर्व्होच्या दातांवर जाईल.

हॉर्नच अडून गुणगुणत असेल, तर मात्र सर्व्हो कमी पडतोय. तेव्हाही आधी हॉर्नची लांबी बघ. 30 किलो-सेंटिमीटरचा सर्व्हो तीन सेंटिमीटरच्या हॉर्नच्या टोकाला 10 किलोचा जोर देतो, दोन सेंटिमीटरच्या टोकाला 15 किलोचा. वळण थोडं कमी मिळेल, पण खर्च जवळजवळ शून्य.

दोन सर्व्होंचं खरं दुखणं वेगळंच असतं. जोर दुप्पट होतो, हे खरं. पण दोघांचं मधलं स्थान जराही जुळलं नाही की ते एकमेकांशी झुंजतात. गाडी उभी असते, तरी आत हलकी गुंगुं चालू असते, सर्व्हो तापतात, बॅटरी उतरत जाते. म्हणून दोन्ही एकाच मॉडेलचे हवेत, आणि दोन्ही लिंक चिकाटीने जुळवायला हव्यात. समोरासमोर बसवलेस तर एकाची दिशा उलटवावी लागते, ते साध्या वाय-वायरने होत नाही.

शिवाय वीज! जोर लावताना मोठा सर्व्हो काही अँपिअर ओढतो, दोन असले की दुप्पट. व्होल्टेज घसरलं की रिसीव्हर क्षणभर झोपतो, आणि पेट्रोलची गाडी हाताबाहेर जाणं म्हणजे कुणाच्या तरी पायावर जाणं. तेव्हा एक असो की दोन, सिग्नल तुटताच फेलसेफने थ्रॉटल बंद होतो की नाही ते मागची चाकं उचलून, ट्रान्समीटर बंद करून तपासल्याशिवाय मैदानात जायचं नाही. हे मी तुला दटावूनच सांगतेय.

आणि "एक गेला तर दुसरा सांभाळेल" या भरवशावर राहू नकोस हं. एकाचे गिअर तुटून अडकले तर तो दुसऱ्यालाही जखडून ठेवतो.

तेव्हा या रविवारी आधी सेव्हर आणि लिंकमधली ढिलाई बघ. मग बॅटरी आणि वायर. तरीही हॉर्न अडतच असेल, तर दोन मध्यम सर्व्होंच्या पैशात एकच चांगला घे. घेण्याआधी त्याचं माप आणि आउटपुटच्या दातांची संख्या मला कळव, तुझ्या गाडीत बसतो का ते आपण दोघी मिळून बघू.